तहकूब सभेचा विडा

बाळकृष्णराव रोज सकाळी विहिरीवर अंघोळ करत आणि ओल्या पंच्यानिशी तिथल्याच दगडावर बसून दुसऱ्याच एका माणसाचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवत. संध्या, जप, अर्घ्य, सगळं त्यानंतर. तंजावूरच्या राजवाड्यामागची ती गल्ली सगळी मराठी घरांची. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा पाठांतर राखतोय. खरं काय ते त्यांच्या बायकोला, अंबाबाईंना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवायची त्या बाईला सवय नव्हती.

“माझ्या सवतीचें बोलणें संपलें का?” त्या स्वयंपाकघरातून विचारत. “संपलें असेल तर देवालाही दोन शब्द सांगा. तोही वाट पाहोन दमला.”

सवत म्हणजे तिरुवैयारूचे सांबशिव शास्त्री. न्यायशास्त्राचे पंडित, जन्मानं तमिळ, पण दरबारात वावरून मराठी आपल्याइतकीच सफाईनं बोलणारे. बाळकृष्णराव मीमांसेचे. राज्य होतं तोवर दर वर्षी दसऱ्यानंतर राजवाड्यात शास्त्रार्थाची सभा भरे आणि हे दोघं तिथं समोरासमोर बसत. कधी हा जिंके, कधी तो. ऐकायला आलेली माणसं दोघांच्या बुद्धीचं कौतुक करत घरी जात, आणि घरी जाऊन पुन्हा बायकोशी अडाण्यासारखी भांडत.

आता वाद म्हटलं की आपल्याला भांडणच आठवतं. जुन्या पंडितांनी त्याच्या तीन जाती सांगितल्या होत्या. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीही न मांडता समोरच्याचं नुसतं पाडत सुटायचं ती वितंडा. या तिन्हींतला वितंडवाद तेवढा आपण जिभेवर जपून ठेवला, यावरून काय ते समजावं. फार पूर्वी या सभांत माणसाचा अख्खा जन्म पणाला लागे. हरलेला जिंकलेल्याचा शिष्य व्हायचा, मठ सोडायचा, कपाळावरचं गंधसुद्धा बदलायचा. दिग्विजयाला निघालेला एखादा पंडित राजाच्या दाराला आव्हानाचा श्लोक टांगायचा आणि गावातल्या विद्वानांचं अन्न गोड लागेनासं व्हायचं. तंजावूरच्या सभेपर्यंत येता येता ती धग निवली. जिंकलेल्याला शालजोडी मिळे, हरलेल्याला पुढच्या दसऱ्यापर्यंत टोमणे. दोन नियम मात्र कडक ते कडकच राहिले.

पहिला नियम अनुभाषणाचा. समोरच्यानं आपली बाजू मांडली की तिला उत्तर देण्याआधी ती सगळी आपल्या तोंडानं पुन्हा मांडायची. कमी करायची नाही, वाढवायची नाही, वाकडी तर मुळीच करायची नाही. समोरचा “तथैव”, म्हणजे “असंच”, असं म्हणाला तरच पुढं उत्तर. तीनदा ऐकूनही ज्याला दुसऱ्याचं म्हणणं मांडता येत नाही, तो तिथंच हरला.

दुसरा विड्याचा. सभा सुरू होताना मधोमध तबकात विडा ठेवायचा. वाद संपला की हरलेल्यानं तो आपल्या हातानं जिंकलेल्याला द्यायचा, त्यानं अर्धा मोडून परत करायचा आणि दोघांनी खायचा. ओठ रंगले की सगळं विसरायचं. पण विडा तबकात आहे तोवर दोघांनी सभेबाहेर एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या दारात जायचं नाही. आतून संगनमत नको, म्हणून हा बंदोबस्त.

शेवटच्या सभेत विषय निघाला अभावाचा. साधी गोष्ट आहे. जमिनीवर घडा नाही. मग तिथं काय आहे? बाळकृष्णरावांचं मत असं की नुसती जमीन आहे, दुसरं काही नाही. सांबशिव शास्त्र्यांचं मत असं की जमीन आहे आणि शिवाय घड्याचं नसणंही आहे, आणि ते नसणं घड्याइतकंच खरं आहे. त्या दिवशी शास्त्र्यांनी आपला पूर्वपक्ष मांडला. दिवस कलला. दिवाणांनी सांगितलं, रावजींचं, म्हणजे बाळकृष्णरावांचं, उत्तर उद्या.

उत्तर त्याच संध्याकाळी घरी जाता जाता रावजींना सुचलं. असं सुचलं की ते गल्लीच्या तोंडाशी एकटेच हसले. दुसऱ्या दिवशी शालजोडी आपलीच, यात त्यांना शंका नव्हती. पण दुसऱ्या दिवशी महाराजांची प्रकृती बिघडल्याचं कळलं आणि सभा तहकूब झाली. मग महाराज गेले. गादीला मुलगा नाही असं म्हणून कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. दिवाण गेले, सभा गेली, हत्ती-घोडे लिलावात गेले. सभा संपली असं मात्र कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारं कुणी उरलंच नाही. आणि हे दोन शहाणे, एक तंजावुरात, एक तिरुवैयारूत, विडा अजून तबकात आहे असं धरून अठरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

मूर्खपणा म्हणावा तर आहेच. पण त्या नियमाखेरीज त्या सभेतलं दुसरं काय उरलं होतं त्यांच्याजवळ?

उत्तर विसरण्याची भीती बाळकृष्णरावांना नव्हती. ते एका वाक्याचं होतं. भीती होती ती शास्त्र्यांचं बोलणं विसरण्याची. सभा पुन्हा भरली आणि अनुभाषण करता आलं नाही, तर उत्तर असून हरायची पाळी. म्हणून ते रोज विहिरीवर बसून म्हणत. सुरुवातीला त्यात नुसती काळजी होती. पुढं पुढं त्यांना त्या बोलण्याची ओढ लागली. तो सुरात खाली येणारा आवाज, “म्हणोन” या शब्दावर किंचित थांबणं, बोट उचलून पुन्हा मिटणं, सगळं ते म्हणताना आपोआप येई. अख्ख्या जगात एकच माणूस असा होता की ज्यानं बाळकृष्णरावांचं बोलणं शब्दाशब्दानं ऐकलं होतं, कारण त्याला ते पुन्हा म्हणून दाखवायचं असे. घरात कोण ऐकतं हो? बायको अर्ध्यावर उत्तर देते, मुलगा अर्ध्यावर उठतो. रावजींना त्या माणसाची आठवण येई, आणि ती आली की छातीत दुखावं तसं दुखे.

एकदा राजवाड्याच्या बाजूनं येताना ते हत्तीशाळेपाशी थांबले. आत नुसतं मोकळं अंगण. त्यांच्याबरोबर मद्रासेहून आलेला एक पाहुणा होता. तो म्हणाला, “छान मोकळी जागा आहे.” रावजींना मात्र तिथं हत्ती नाहीत हे दिसत होतं. दोघांचे डोळे एकाच जमिनीवर होते. पाहुणा पुढं गेला, रावजी बराच वेळ तिथंच उभे राहिले.

मध्ये एका आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, कावेरी दुथडी भरून वाहत असताना, शास्त्र्यांची बायको विशालाक्षी वारल्याचं कळलं. या माउलीनं सभा आटोपल्यावर रावजींना कितीदा ताक पाजलं होतं. रावजी तसेच वंडी, म्हणजे बैलगाडी, जोडून निघाले. तिरुवैयारू समोर दिसायला लागलं, नावही काठाला लागली, आणि मग विड्याचा नियम आठवला. ते अलीकडच्या काठावर बसून राहिले आणि संध्याकाळी परत आले. अंबाबाई त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा फार वाईट असे.

होता होता वैशाखात तिरुवैयारूकडचा एक भाजीवाला सांगून गेला की सांबशिव शास्त्र्यांना दिसेनासं झालंय, अन्नही कमी झालंय, आता ओट्यावरून उठत नाहीत. बाळकृष्णराव जेवता जेवता थांबले. त्यांचा मुलगा श्रीनिवासराव मुन्सफाच्या कोर्टात कारकून होता आणि कायद्याची दोन बुकं वाचल्यापासून घरात सर्वांना सल्ला देत असे.

“सिन्ना,” त्यांनी विचारलं, “एखादा खटला तहकूब आहे आणि कोर्टच मोडलें, तर काय होतें?”

“कोर्ट मोडेल कसें, आप्पा?”

“मोडलें म्हणतों ना!”

श्रीनिवासरावांनी विचार केला. “दुसऱ्या कोर्टाकडे गेला तर गेला. न गेला तर वादी-प्रतिवादींनी आपसांत मिटवावें. कोणी अडवीत नाही.”

“आपसांत?”

“होय. सरकाराला बरेंच वाटतें. काम कमी.”

इतकी वर्षं मुलाच्या कोर्टाला ते नावं ठेवत आले होते. तिथले वकील समोरच्याचं बोलणं पिरगाळून मांडतात, तथैव म्हणायला कुणी थांबतच नाही, असली विद्या काय कामाची, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना इंग्रजांचा कायदा पटला. दुसऱ्या दिवशी उजाडताच वंडी दारात उभी होती. अंबाबाई दहीभात केळीच्या पानात बांधून आधीच आत जाऊन बसल्या होत्या.

“तुम्ही कोठें?” रावजी म्हणाले.

“सवत पाहायास,” अंबाबाई म्हणाल्या.

कावेरी आटली होती. वाळूतून बैल पलीकडे गेले. वाटेभर बाळकृष्णराव ओठ हलवत होते. आधी पूर्वपक्ष, मग आपलं एका वाक्याचं उत्तर, मग पुन्हा पूर्वपक्ष. मरण्याआधी ते वाक्य ज्याचं त्याला द्यायचं होतं, बस्स. जिंकायचं होतं, हेही खोटं नाही. अठरा वर्षं खिशात ठेवलेला विजय होता तो.

सांबशिव शास्त्री ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता. अंग इतकं वाळलं होतं की रावजींनी क्षणभर दुसरंच कुणी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. वंडीचा आवाज ऐकून शास्त्र्यांनी मान वर केली. “यारु?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं. कोण?

बाळकृष्णरावांना नाव सांगवेना.  शेवटी सभेत म्हणत तसंच ते म्हणाले, “प्रतिवादी हजर आहे.”

 शास्त्र्यांनी सुनेला हाक मारली. “सुंदरी, तबक आण. विडा लावोन आण.”

सुंदरीनं पितळी तबक आणून दोघांच्या मध्ये ठेवलं आणि ती दाराशी अंबाबाईंजवळ बसली.

“मध्यस्थ कोण?” शास्त्र्यांनी विचारलं.

“गेले सगळे.”

“सभापति?”

“ते तर सर्वांआधी गेले. आपणच आहों, शास्त्रिगळ. आपसांत मिटवावें म्हणतात.”

“बरें,” शास्त्री म्हणाले. “माझें मांडा आधी.”

बाळकृष्णरावांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज आपोआप शास्त्र्यांचा झाला. घडा नाही असं आपण म्हणतो. ऐकणाऱ्याला ते कळतं. ज्याच्या मागे काहीच नाही असा शब्द कळेल कसा? म्हणून नसणं हीही एक वस्तू आहे. शास्त्र्यांची मान हळूहळू डोलायला लागली. रावजी पुढं बोलत राहिले. हत्तीशाळेच्या अंगणात दोन माणसं उभी आहेत. एकानं हत्ती कधी पाहिलेच नाहीत, त्याला जमीन दिसते. दुसऱ्यानं पाहिले आहेत, त्याला हत्ती नाहीत हे दिसतं. जमीन तीच, ऊन तेच. दुसऱ्याला जे जास्त दिसलं, ते काय? मनाचा खेळ म्हणाल, तर खेळ मनात येईल तेव्हा थांबवता यावा. हा थांबत नाही. डोळे मिटले तरी थांबत नाही, वर्षं गेली तरी थांबत नाही, जेवताना समोर येऊन बसतो. जे आपल्या इच्छेनं जात नाही, ते आपण रचलेलं नव्हे. म्हणून नसणं खरं आहे. असण्यापेक्षा काकणभर जास्तच खरं आहे.

शास्त्र्यांची मान हत्तीपाशीच थांबली होती. “रावजी,” ते हलकेच म्हणाले, “तथैव म्हणतां येत नाही.”

“काय राहिलें?” बाळकृष्णराव घाबरले. “काय सुटलें?”

“सुटलें नाही. वाढलें. घडा माझा. हत्ती माझा नव्हे.”

“तुमचाच! रोज म्हणतों मी!”

“माझें तितकेंच होतें. शब्द आहे म्हणोन वस्तु आहे.” शास्त्री दात नसलेल्या तोंडानं हसायला लागले. “त्या दिवशी बोलोन घरीं आलों, अंथरुणावर पडलों, आणि ससा दिसला. शिंगासकट. सशाचें शिंग हाही शब्दच, सर्वांस कळतो, आणि मागें कांहीं नाही. म्हटलें, संपलें. उद्या रावजी मज त्या शिंगावर टांगणार. हेंच ना तुमचें उत्तर?”

हेच होतं. नेमकं हेच, एका वाक्याचं.

“मग हत्ती कोणाचा?” शास्त्र्यांनी विचारलं.

 हत्ती कुणाचा ते बाळकृष्णरावांना आता कळलं होतं. इतकी वर्षं ते शास्त्र्यांचं बोलणं जपतोय असं समजत होते, आणि रोज एकेक भोक बुजवत होते. एवढा मोठा पंडित, तो इतकं लंगडं बोलेल कसं, इथं त्याला असं म्हणायचं असेल, तिथं तसं, असं करत करत जे आपल्याला लागलं होतं, दुखलं होतं, ते सगळं त्यांनी त्याच्या पदरात घातलं होतं.

“चला,” शास्त्री म्हणाले, “माझें होतें तितकेंच मांडा आणि उत्तर द्या. अठरा वर्षें तो ससा बांधोन ठेविला आहे. सोडा आतां.”

बाळकृष्णरावांनी ते दोन वाक्यांत मांडलं. घडा, शब्द, वस्तू.

“तथैव,” शास्त्री म्हणाले, आणि त्यांनी कान पुढं केला. तोच कान. तसाच, एकही शब्द सांडू नये म्हणून किंचित वळलेला.

आता फक्त सशाचं नाव घ्यायचं होतं. रावजींनी तोंड उघडलं. नसणं म्हणजे काही नाही, नुसती जमीन, असं म्हणायचं म्हणजे विहिरीवरच्या त्या सगळ्या सकाळी तिथं कुणीच नव्हतं असं म्हणायचं. काठावर बसून घालवलेला तो दिवसही नुसता काठ होता असं म्हणायचं. ते या माणसाच्या तोंडावर म्हणायचं. अंबाबाई दाराशी बसून त्यांच्याकडे पाहत होत्या.

“उत्तर नाही,” बाळकृष्णराव म्हणाले.

त्यांनी तबकातला विडा उचलला आणि शास्त्र्यांच्या हातावर ठेवला.  

शास्त्र्यांनी मूठ मिटली नाही. “ससा कोठें गेला, रावजी? जिंकत होतां की. मी कशानें जिंकलों?”

“तुमच्या नसण्यानें, शास्त्रिगळ.”

 शास्त्र्यांनी तो चाचपडत अर्धा मोडला आणि रावजींना परत दिला. त्यांचा अर्धा सुंदरीनं घेऊन लहान खलात कुटून आणला, कारण त्यांना चावता येत नव्हतं. दोघं शेजारी बसून विडा खात राहिले. रस ओठांवर आला.

“विशालाक्षी गेली,” शास्त्री म्हणाले.

“कळलें होतें.”

“नावाडी सांगत होता, तंजावुराहून कोणी राव आले, पलीकडच्या काठावर बसले आणि गेले.”

“मीच तो,” बाळकृष्णराव म्हणाले. “विडा तबकांत होता म्हणोन...”

“होता ना. म्हणोनच मी नदी ओलांडली नाही.” शास्त्र्यांनी नदीच्या दिशेनं तोंड वळवलं. “मज वाटलें होतें तुम्ही याल. त्या दिवशी मीही इकडच्या काठावर बसलों होतों. डोळे होते तेव्हां. पण पाणी फार होतें, तुम्ही कोण तें ओळखूं आलें नाही.”

बाळकृष्णरावांनी तोंडावर उपरणं धरलं आणि ते लहान पोरासारखे रडले. शास्त्र्यांनी अंदाजानं हात पुढं करून त्यांचा गुडघा शोधला आणि हात तिथंच राहू दिला.

“आतां बोला,” ते म्हणाले. “घरीं सर्व कसें आहे? सिन्ना काय करतो? सर्व सांगा. पहिल्यापासोन.”

रस्त्यावरून गाडीवानानं हाक दिली की ऊन उतरलं, निघायला हवं. अंबाबाई उठल्या, दाराबाहेर आल्या आणि त्याला बैल सोडून चारा घालायला सांगितलं.